मायनर स्केलमधला मेजर सेकंड

मेजर आणि मायनर या दोन शब्दांना पाश्चात्त्य संगीताने दोन वेगवेगळ्या कामांना जुंपलंय, आणि शिकवताना हे फारसं कुणी सांगत नाही. एक काम म्हणजे सात स्वरांच्या अख्ख्या साच्याला नाव देणं: हा मेजर स्केल, तो मायनर स्केल. दुसरं काम म्हणजे कुठल्याही दोन स्वरांमधल्या अंतराला नाव देणं: मेजर थर्ड, मायनर सिक्स्थ. नवीन शिकणाऱ्याला साहजिकच वाटतं की मेजर स्केलमध्ये सगळी अंतरं मेजर असणार आणि मायनरमध्ये सगळी मायनर. तिथूनच गोंधळ सुरू होतो.

नागपूरच्या महाल भागात माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण धरमपेठेत नाहीतर बर्डीवर गिटारच्या क्लासलाही जातात. एका हाताने गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा, दुसऱ्या हाताने गिटारची ग्रेड. त्यातल्याच एकीने मागे वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "काकू, हा स्केल मायनर आहे ना? मग यात मेजर सेकंड काय करून राहिला?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर पेटीवर बोट ठेवल्याशिवाय पटत नाही, म्हणून आधी पेटीकडे वळू.

पेटीवर दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक. गिटारवाले तिला सी म्हणतात. तिच्या उजवीकडची पहिली काळी म्हणजे काळी एक, त्यांचा सी शार्प. पांढरी एकपासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक करत वर गेलं, की बाराव्या पावलाला पुन्हा पांढरी एक येते, वरच्या सप्तकातली. या प्रत्येक पावलाला आपण अर्धस्वर म्हणू. इंग्रजीत त्याला सेमीटोन म्हणतात. गिटारवर एक अर्धस्वर म्हणजे एक फ्रेट, दांडीवरचं एक घर, म्हणूनच बाराव्या फ्रेटवर त्याच तारेचा वरचा सूर मिळतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी नसते, हेही बघून ठेवा. पांढरी तीन आणि चार एकमेकींना चिकटून आहेत, तशाच सात आणि वरची एक. या दोन जागा पुढे सारख्या लागणार आहेत.

अंतराच्या नावात दोन भाग असतात, एक आकडा आणि एक विशेषण. दोन्ही वेगवेगळ्या मोजणीतून येतात. हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं.

आकडा स्वरांची नावं मोजून येतो, आणि मोजताना सुरुवातीचा स्वरही धरायचा. सा ते ग म्हणजे सा, रे, ग, तीन नावं, म्हणून थर्ड. सा ते प म्हणजे पाच नावं, म्हणून फिफ्थ. मुलं इथे अडखळतात, कारण सा ते ग जायला पावलं दोनच पडतात. पण मोजायची ही रीत आपल्या घरात रोजची आहे. डॉक्टर सोमवारी म्हणाले, "आठव्या दिवशी टाके काढायला या," तर आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही. तसाच ऑक्टेव्ह हा आठवा स्वर, सात स्वरांनंतर पुन्हा आलेला सा.

विशेषण मात्र अर्धस्वर मोजून ठरतं. सा ते शुद्ध ग चार अर्धस्वर, तो मेजर थर्ड. सा ते कोमल ग तीन अर्धस्वर, तो मायनर थर्ड. दोन्हीकडे नावं तीनच, त्यामुळे आकडा तोच राहिला. अंतर एका पट्टीने कमी झालं म्हणून विशेषण बदललं. इथे मेजर म्हणजे त्या आकड्यातलं मोठं अंतर आणि मायनर म्हणजे धाकटं. स्केल कुठला चालू आहे याचा अजून काही संबंध आलेला नाही.

आता मेजर स्केल. पांढरी एकला सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा मेजर स्केल, आणि हेच आपल्या बिलावल थाटाचे स्वर (थाट म्हणजे रागांचं वर्गीकरण करायचा सात स्वरांचा साचा). पंडित भातखंडे यांनी दहा थाटांची मांडणी केली तेव्हा शुद्ध स्वरांचं सप्तक म्हणून बिलावलच धरला, त्यामुळे आपल्याकडचा 'सगळे शुद्ध' आणि तिकडचा 'मेजर' हे एकमेकांवर बरोबर बसतात. सापासून मोजलं तर रे दोन अर्धस्वरांवर, ग चारवर, म पाचवर, प सातवर, ध नऊवर, नी अकरावर आणि वरचा सा बारावर. यातले रे, ग, ध, नी यांना मेजर म्हणतात: मेजर सेकंड, मेजर थर्ड, मेजर सिक्स्थ, मेजर सेव्हन्थ. म, प आणि वरचा सा यांना परफेक्ट. परफेक्ट का, ते थोडं पुढे सांगते.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा कानात एक चाल धरून ठेवावी, आणि ती सगळ्यांना येते. राष्ट्रगीताची. 'जन गण' म्हणताना आपण सा, रे आणि मग ग वर जातो. म्हणजे एक मेजर सेकंड, त्यावर आणखी एक मेजर सेकंड, आणि 'गण'वर पोहोचलो की सापासून मेजर थर्ड झाला. 'जय हे' म्हणताना ग वरून म वर सरकतो, तो अर्धस्वर, म्हणजे मायनर सेकंड. 'पंजाब'ला खालच्या सावरून थेट प वर उडी आहे, ती परफेक्ट फिफ्थ. 'भाग्यविधाता'च्या शेवटी स्वर येतात खालचा नी, रे, सा. त्यातलं नी ते रे हे अंतर तीन अर्धस्वरांचं, म्हणजे मायनर थर्ड. म्हणजे एका सरळ मेजर चालीत मायनर अंतरंही सुखाने नांदत असतात. शिवाय ही चाल संपते म वर. शाळेत किती वेळा म्हटलं असेल, पण शेवटचा सूर सा नाही हे बहुतेकांच्या ध्यानात आलेलं नसतं.

मायनर स्केलकडे या. तिकडे मायनर स्केल तीन प्रकारचे मानतात, त्यातला मूळचा म्हणजे नॅचरल मायनर. सा तोच ठेवून बिलावलातले ग, ध आणि नी कोमल केले की झाला. आपल्याकडे हे आसावरी थाटाचे स्वर: सा, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. सापासून अंतरं मोजली तर दोन, तीन, पाच, सात, आठ, दहा, बारा. तीनच स्वर खाली सरकले, त्यामुळे तीनच अंतरं बदलली. थर्ड मायनर झाला, सिक्स्थ मायनर झाला, सेव्हन्थ मायनर झाला. म आणि प जागचे हलले नाहीत. रेही हलला नाही, म्हणून सा ते रे हा सेकंड मेजरच राहिला. त्या मुलीच्या वहीतला मेजर सेकंड तिथेच बसलेला होता, आणि त्याचं तिथे असणं अगदी बरोबर होतं.

सापासून मोजलेला मायनर सेकंड, म्हणजे कोमल रे, या दोन्ही स्केलांत नाहीच. तो आपल्याला भैरवी, भैरव, मारवा या रागांत भेटतो. मेजर आणि मायनर हे दोनच साचे घेऊन बसलं तर हिंदुस्थानी संगीताचा केवढा भाग बाहेर राहतो, हे यावरून कळावं.

आता परफेक्टचं. तंबोरा कानाशी घेऊन बसा. मधल्या जोडीच्या तारा सा देतात. पहिली तार मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर, लावलेली असते, आणि शेवटची खर्जाची, जोडीच्या बरोबर एक सप्तक खाली. तारेची लांबी दोन तृतीयांश केली की सापासून प मिळतो, तीन चतुर्थांश केली की म, आणि निम्मी केली की वरचा सा. इतक्या सोप्या गुणोत्तरांचे स्वर एकत्र वाजले की एकमेकांत मिसळून जातात. कुठेतरी कंप पावत नाहीत, खटकत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात हेच श्रुतींच्या, म्हणजे सप्तकाच्या बारीक भागांच्या, भाषेत येतं: बावीस श्रुतींच्या सप्तकात ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर आहे ते एकमेकांचे संवादी. सा ते म नऊ, सा ते प तेरा. पाश्चात्त्यांनी ज्यांना परफेक्ट म्हटलं नेमकी तीच अंतरं आपल्याकडे षड्ज-मध्यम भाव आणि षड्ज-पंचम भाव म्हणून ओळखली जातात. दोन परंपरांनी आपापल्या वाटेने तेच दोन सूर वेगळे काढावेत, याचं मला फार नवल वाटत नाही, तारच तसं सांगते.

(तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. नागपुरात मे महिन्यात कूलरच्या झोतात तंबोरा ठेवू नका. खोलीतली हवा घटकेत कोरडी, घटकेत ओली होते, आणि दर थोड्या वेळाने तारा पुन्हा लावत बसावं लागतं.)

परफेक्ट अंतरांचा आणखी एक गुण आहे. कुठलंही अंतर उलटं करून बघा, म्हणजे खालचा स्वर एक सप्तक वर न्या. सा ते प सात अर्धस्वर होते. आता प ते वरचा सा पाच अर्धस्वर झाले. फिफ्थची फोर्थ झाली, पण परफेक्टची परफेक्टच राहिली. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारांत हेच ऐकू येतं: मंद्र प आणि मधला सा, म्हणजे परफेक्ट फोर्थ. उलट सा ते शुद्ध ग हा मेजर थर्ड उलटवला तर ग ते वरचा सा आठ अर्धस्वर होतात, म्हणजे मायनर सिक्स्थ. मेजरचं मायनर होतं आणि मायनरचं मेजर. हिशेब पडताळायला दोन आकडे पुरे: अर्धस्वरांची बेरीज बारा आली पाहिजे आणि नावांच्या आकड्यांची नऊ. थर्ड आणि सिक्स्थ नऊ, फोर्थ आणि फिफ्थ नऊ. भरताच्या श्रुतींतही नऊ आणि तेरा मिळून बावीसच होतात बघा.

इथपर्यंत सगळं सापासून मोजलं. आपल्या गायकीत एवढं बहुतेक वेळा पुरतं, कारण तंबोरा सतत सा धरून असतो आणि प्रत्येक स्वराची ओळख सापासूनच्या त्याच्या जागेवरून पटते. तुम्ही ग वरून प वर गेलात तरी मनात 'प लागला' एवढंच येतं. 'तीन अर्धस्वर चढलो' असं कुणी म्हणत नाही. गिटार किंवा कीबोर्डच्या वर्गात मात्र मधल्या कुठल्याही दोन स्वरांचं अंतर विचारतात. पेटी शिकलेली मुलं तिथे गांगरतात ती या सवयीमुळे. हुशारीचा काही प्रश्न नसतो.

मेजर स्केलमधल्या सगळ्या थर्डची मोजदाद करून बघा. सा–ग, म–ध आणि प–नी ही तीन चार-चार अर्धस्वरांची, म्हणजे मेजर. रे–म, ग–प, ध–वरचा सा आणि नी–वरचा रे ही चार तीन-तीन अर्धस्वरांची, म्हणजे मायनर. नाव मेजर स्केल, आणि थर्ड मोजले तर मायनर जास्त! कारण त्या दोन चिकटलेल्या जागा, ग–म आणि नी–सा. ज्या थर्डच्या मध्ये यातली एखादी जागा आली तो एका अर्धस्वराने आखूड होतो. फोर्थमध्ये सहा परफेक्ट आणि एकच वेगळा, म ते नी. तो सहा अर्धस्वरांचा भरतो, म्हणून त्याला ऑगमेंटेड फोर्थ म्हणतात, वाढलेला. तोच उलटवला, नी ते वरचा म, की सहाच अर्धस्वर पण नावं पाच, म्हणून डिमिनिश्ड फिफ्थ, आटलेला. सप्तकाचा अगदी मध्य. बाराच्या अर्ध्यावर असल्यामुळे उलटवून काही बदलत नाही, फक्त नाव बदलतं.

गिटारवाल्यांच्या कॉर्डचं कोडं इथेच सुटतं. तीन स्वरांची साधी कॉर्ड म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन थर्ड. खाली मेजर आणि वर मायनर असेल तर मेजर कॉर्ड: सा, ग, प. खाली मायनर आणि वर मेजर असेल तर मायनर कॉर्ड: रे, म, ध. दोन्हीत टोकाचं अंतर सात अर्धस्वरांचंच. नी वर कॉर्ड बांधायला गेलं तर दोन्ही थर्ड मायनर निघतात आणि वर तो आटलेला फिफ्थ येतो.

आता पेटीवर एक गंमत करा. पांढऱ्याच पट्ट्या, पण सा धरा पांढरी सहावर. पांढरी सहा, सात, एक, दोन असं वर जाऊन पुन्हा सहा. ऐकू येतो तो नॅचरल मायनर. एकही पट्टी बदलली नाही, फक्त बिलावलाच्या ध ला सा म्हटलं. याला आपण मूर्च्छना म्हणतो. तिकडे पांढरी सहाच्या या स्केलला पांढरी एकच्या मेजरचा रिलेटिव्ह मायनर म्हणतात. पट्ट्या त्याच असल्यामुळे आतली अंतरंही तीच: तीन मेजर थर्ड, चार मायनर थर्ड, एक वाढलेला फोर्थ. फक्त सगळी आपल्या जागेवरून सरकली. मायनरमध्ये चिकटलेल्या जागा रे–कोमल ग आणि प–कोमल ध या ठिकाणी येतात. म्हणजे मेजर आणि मायनर स्केलमध्ये अंतरांचा साठा एकच आहे आणि फरक पडतो तो सा कुठे धरला यामुळे. हे एकदा बोटांना कळलं की बाकीचं पाठांतर आपोआप सुटतं.

हाच खेळ फक्त काळ्या पट्ट्यांवर आणखी रंगतो. काळी तीनला सा धरून पाचही काळ्या वाजवा, भूपाचे स्वर येतात. काळी एकला सा धरा, दुर्गा. काळी पाचला सा धरा, मालकंस. काळी दोनवर धानी आणि काळी चारवर मधमाद सारंग. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन (स्वरांची ठरलेली चाल) लागतं, न्यास (ठरावीक स्वरावर थांबणं) लागतो, हे मला माहीत आहे. वडीलधारे रागावायच्या आत सांगून टाकते. पण अंतरं शिकायला याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही, कारण पाच काळ्यांमध्ये कुठेही अर्धस्वर नाही आणि तो सहा अर्धस्वरांचा तिढाही नाही.

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी, असं मुलं क्लासमधून ऐकून येतात. मालकंसाचे स्वर बघा. नॅचरल मायनरमधून रे आणि प काढला की मालकंस उरतो. ग, ध, नी तिन्ही कोमल. मालकंस ऐकून डोळे पुसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भूपाच्या ग ला सा केलं की हाच मालकंस मिळतो, मग अर्धं दुःख कुठून येणार? धाकटा थर्ड मोठ्यापेक्षा जरा मावळलेला वाटतो एवढं खरं, बाकी लय, शब्द आणि गाणाऱ्याचा गळा ठरवतो.

मायनरचे उरलेले दोन प्रकार. नॅचरल मायनरमध्ये कोमल नी वरच्या सापासून दोन अर्धस्वर लांब पडतो. पाश्चात्त्य संगीताला सा वर येऊन थांबताना खालून अगदी जवळचा, एका अर्धस्वरावरचा नी हवा असतो; शिवाय नी शुद्ध केला की प, नी, रे ही कॉर्डही मेजर होते आणि सा कडे जोरात ओढते. म्हणून फक्त नी शुद्ध केला. हा हार्मोनिक मायनर, आणि हेच कीरवाणीचे स्वर. कर्नाटक संगीतात तो एकविसावा मेळकर्ता, म्हणजे सात स्वरांचा मूळ साचा, आहे, आपल्याकडे तिकडूनच आला आणि सतारवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी डोक्यावर घेतला.

कीरवाणीत कोमल ध ते शुद्ध नी मोजा. तीन अर्धस्वर. डोळे मिटून ऐकलं तर हे अंतर मायनर थर्डसारखंच ऐकू येईल, पट्ट्या तेवढ्याच. पण नावं मोजा: ध, नी. दोनच. म्हणून हा सेकंड, आणि नेहमीच्या मेजर सेकंडपेक्षा एका अर्धस्वराने जास्त, म्हणून ऑगमेंटेड सेकंड. मुलं इथे हमखास वाद घालतात. "काकू, आवाज तोच आहे ना, मग नाव काऊन दुसरं?" कारण शेजारच्या दोन स्वरांमध्ये खिंडार पडलंय हे नावात दिसायला हवं. भैरवातही कोमल रे ते शुद्ध ग हेच खिंडार आहे, आणि कोमल ध ते नी पुन्हा एकदा. त्या रागांची ओळख बरीचशी त्या खिंडारात आहे. त्याला थर्ड म्हटलं तर मधला एक स्वर गाळलाय असं वाटेल, आणि तसं काही नसतं.

गाणाऱ्यांच्या समूहाला हे खिंडार अवघड जातं म्हणून चढताना ध ही शुद्ध केला, आणि उतरताना पुन्हा नॅचरल. तो मेलोडिक मायनर. चढतीचे त्याचे स्वर म्हणजे एक ग सोडून सगळे शुद्ध, आपल्या पटदीपाच्या स्वरांसारखे. पटदीपात मात्र उतरतानाही ध आणि नी शुद्धच राहतात, इथेच दोघांची वाट वेगळी होते.

हे सगळं पेटीच्या हिशेबाने सांगितलं, आणि पेटीचा हिशेब थोडा खोटा आहे. पेटीवर बाराही अर्धस्वर सारखे असतात. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर पेटीचा मेजर थर्ड 400 सेंटचा. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो त्या तारेच्या मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांतला पाचवा (मूळ सूर पहिला धरून), आणि तो सापासून साधारण 386 सेंटवर बसतो. चौदा सेंटचा फरक तयार कानाला चांगलाच कळतो. उलट पंचम 702 विरुद्ध 700, म्हणजे जवळपास जुळलेला. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं राहिली, त्यामागे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) निघत नाही या तक्रारीबरोबर हीही तक्रार होती. मी स्वतः पेटीवाली असूनही सांगते, तक्रार खोटी नव्हती. अंतरांची नावं पेटीवर शिका, ती अंतरं गळ्यात बसवायची ती तंबोऱ्यावर.

आणि मारव्याचं राहिलं. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आपण गाणी ऐकायला जातो ते ज्यांच्या नावाचं आहे, ते डॉ. वसंतराव देशपांडे. मूर्तिजापुरात जन्म, लहानपण आणि पहिली तालीम नागपूरची, आणि मारव्याची त्यांची तालीम लाहोरची. मारव्यात कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म (शुद्ध म पेक्षा एक अर्धस्वर वरचा), शुद्ध ध, शुद्ध नी, आणि प नाहीच. सापासून मोजा: मायनर सेकंड, मेजर थर्ड, वाढलेला फोर्थ, मेजर सिक्स्थ, मेजर सेव्हन्थ. एकही परफेक्ट अंतर सापाशी नाही. वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, कोमल रे आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, ध मानतात. एरवी वादी-संवादीत फोर्थ किंवा फिफ्थचं अंतर असतं. इथे रे ते ध आठ अर्धस्वर पडतात, ना धड इकडे ना तिकडे. मारवा ऐकताना सा सापडतच नाही, पाय टेकत नाहीत असं जे वाटत राहतं, त्याचं बरंचसं कारण या मोजणीत दिसतं. वसंतराव तोच तिढा लांबवत न्यायचे आणि सा देता देता पुन्हा काढून घ्यायचे.

सरावासाठी एवढंच करा. तंबोरा किंवा मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप लावा, सा धरा, आणि एकेक अंतर आधी गाऊन मग पट्टी दाबून तपासा. उलटं करू नका, म्हणजे पट्टी आधी आणि गळा नंतर नको. सुरुवातीला सा–प, सा–म, मग दोन्ही गंधार आलटून पालटून. ते पक्के झाले की सा सोडून मधली अंतरं घ्या: रे–म, ग–प, म–ध. घरात गिटार असेल तर मोकळ्या तारांवरही काम होतं. सगळ्यात जाड तारेपासून बारीककडे शेजारच्या दोन तारांत परफेक्ट फोर्थ असतो, फक्त जी आणि बी या दोन तारांमध्ये मेजर थर्ड. म्हणूनच तारा लावताना बाकी ठिकाणी पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची तार मिळवतात आणि जीच्या तारेवर तेवढं चौथ्या.